सुईणगाडीची रबरं

तोताराम ड्रायव्हरच्या खाकी कोटाला पितळेची बटणं होती आणि ती तो रोज राखेनं घासायचा. मिशांना तेल, बटणांना राख आणि गाडीच्या दिव्यांना जुन्या धोतराचं फडकं, एवढं झाल्याशिवाय तो चहाला शिवत नसे. असा हा रुबाबदार माणूस पहूरहून जळगावला निघून नेरीच्या नाक्यावर पोचला, की चहाच्या दुकानातून कोणीतरी हमखास ओरडायचं, "सरका रे, सुईण आली." मग मिशा असोत की बटणं असोत, सगळं फुकट जायचं.

गाडी मूळची भुसावळच्या एका रेल्वेसाहेबाची. तोताराम त्याच्याकडे आधी ती धुवायला होता, मग चालवायला. सत्तेचाळीस साली साहेब विलायतेला परत निघाला तेव्हा पहूरच्या जवरीलालशेठनी ती विकत घेतली. शेठचा कापसाचा व्यापार. गाडी कुठून सुरू होते हेही त्यांना ठाऊक नव्हतं, म्हणून तोतारामही तिच्यासोबत पहूरला आला. "गाडी घेतली, त्याच्यावर ड्रायव्हर घलुआ, फुकटचा, मिळाला," असं शेठ आल्यागेल्याला सांगत, आणि तेही तोतारामच्या समोर. तोताराम तोवर गाडीचे दिवे पुसत राहायचा. साहेबाच्या गाडीसोबत आपण आलो, यात त्याला कमीपणा वाटतच नव्हता.

गाडी होतीच तशी. लांब नाक, निळा रंग, आणि आत एक नाही, दोन कार्बोरेटर. पेट्रोल आणि हवा यांचं मिश्रण करून इंजिनाच्या तोंडी घालतं ते हे भांडं. एकाच कार्बोरेटरवर चालणाऱ्या गाड्यांकडे तोताराम कसा बघायचा, हे बघायला हवं होतं. ही दोन्ही भांडी इंजिनाला जिथं टेकतात तिथं मधे एकेक जाड रबराची चकती असते. चकती धड असली की इंजिनाला मापात हवा मिळते. ती वाळली, तडकली, की फटीतून भलतीच हवा आत शिरते आणि इंजिनाचं पोट बिघडतं. गाडी भरधाव असेल तर ते फारसं जाणवत नाही. हळू केली की मात्र इंजिन खोकतं, अडखळतं, आता थांबतो म्हणतं आणि पुन्हा उसळी घेतं. आता पहूर-जळगाव रस्त्यावर गाडी भरधाव न्यायची म्हणजे चाकं रस्त्यात ठेवून पुढं जायचं. म्हणजे रबरं गेल्यापासून गाडी त्या सगळ्या रस्त्यानं उसळतच जायची.

याच उसळीपायी तोतारामचं नाव बुडालं. झालं असं, की उखर्डू पाटलाची सून अडली. गावची सुईण सुगंधाबाई, अर्धं पहूर तिच्या हातावर जन्मलेलं. पण त्या दिवशी तिनंही हात टेकले आणि जळगावच्या सरकारी दवाखान्यात न्या म्हणाली. पाटलांनी शेठकडे गाडी मागितली. तोताराम निघाला. मागच्या सीटवर सून, सुगंधाबाई आणि तिचं गाठोडं. नेरी यायच्या आधी एक नाला लागतो. तिथं गाडी हळू करताच इंजिनानं असे काही हिसके दिले, की तोतारामची टोपी उडून मांडीवर पडली आणि मागून सुगंधाबाई म्हणाली, "थांबव रे बाप्पा, झालं." एका बाभळीखाली पाटलांचा नातू जन्मला. नेरीच्या दुकानातून गरम पाणी आणलं ते तोतारामनंच.

एकदा झालं तर लोक योगायोग म्हणून सोडून देतात. पण पुढच्या अडलेल्या बाईचंही तसंच झालं, तिच्या पुढच्या बाईचंही. सुगंधाबाईनं पंचक्रोशीत सांगून टाकलं, "दवाखाना काय करीन, ते गाडीचे हिसकेच मोकळं करतात." मग लोक दवाखान्यासाठी गाडी मागेनासे झाले, नुसती गाडीच मागू लागले. एकजण तर लेकीला बसवण्याआधी दार धरून विचारू लागला, "तोताराम, बरोबर हालते ना रे?" मागं बसून सुगंधाबाई रस्ता सांगायची. "डाव्या बाजूनं घे, तिकडचे खड्डे चांगले हायेत." एका जोडप्यानं तर मुलाचं नाव मोटारसिंग ठेवलं आणि पेढे घेऊन तोतारामच्या पाया पडायला आलं. त्यानं पेढे घेतले, पण ते त्याला गोड लागले नाहीत.

त्याला काय हवं होतं, ते अगदी साधं होतं. त्याला ड्रायव्हर म्हणून ओळख हवी होती. गाडीला काय झालंय हे त्याला पहिल्या दिवसापासून माहीत होतं, आणि एवढं माहीत असून ते दुरुस्त करता येत नव्हतं, कारण शेठ ऐकत नव्हते. "अरे तोताराम, चालते ना? तर मग चालू द्या." ज्या घरी पोर गाडीत जन्मलं त्या घरचा कापूस दुसऱ्या व्यापाऱ्याच्या दारात जात नाही, हे शेठनी केव्हाच हेरलं होतं. त्यांच्या आई झमकूबाई तर माळ ओढता ओढता म्हणत, "पुण्याचं काम आहे, त्यात पाना घालू नको."

शेवटी तोतारामच्या मदतीला एक पगडी आली.

शेठच्या मुलीचं, राजकुंवरचं, धुळ्याच्या शांतीलालजींच्या घरी जमत आलं होतं. बोलणी पुरी करायला शेठ गाडी घेऊन धुळ्याला गेले. जेवणं झाली, सुपारी झाली, आणि शेठना काय सुचलं कोण जाणे, होणाऱ्या व्याह्यांना म्हणाले, "चला, गाडीतून पेढीवर सोडतो." भरबाजारात गाडी हळू करावीच लागली. इंजिन खोकलं, थांबतो म्हणालं, आणि मग त्यानं अशी उसळी मारली की शांतीलालजींची केशरी पगडी खिडकीतून बाहेर गेली आणि एका बाईच्या मिरच्यांच्या टोपलीत जाऊन बसली. बाई म्हणाली, "भाऊ, हाई तुमनी शे का?" शांतीलालजींनी पगडी झटकून डोक्यावर ठेवली. पुढं पेढीपर्यंत ते नुसते शिंकत होते.

शेठ परत गाडीत बसले ते कपाळाला हात लावून. "तोताराम," ते म्हणाले, "आत्ताच्या आत्ता काय ते करून घ्या." तोतारामला शांतीलालजींची पगडी डोळ्यांना लावावीशी वाटली.

आग्रा रोडवर वना मिस्त्रीचा पत्र्याचा कारखाना होता. रोज जाणाऱ्या ट्रकांवर त्याचा संसार. वनानं इंजिन चालू ठेवायला सांगितलं, काडीनं थोडं जाड तेल घेतलं आणि कार्बोरेटरच्या बुडाशी, रबराच्या कडेनं सोडलं. तेलानं फट बुजली तसं इंजिन क्षणभर शहाण्यासारखं चाललं. मग तेल आत ओढलं गेलं आणि त्याला पुन्हा उचकी लागली. वनानं नट सोडले, चकत्या बाहेर काढल्या आणि बोटांनी दुमडल्या, तर त्या कडकन चिरल्या.

"भाऊ, हाई रबर नही शे," तो म्हणाला, "हाई वाळेल भाकर शे. इतला दिन तू गाडी चालाडी कशी?"

"चालवली नाही," तोताराम म्हणाला. "तिनं मला चालवलं."

"नवं रबर विलायतमाईन कोन लयी? मनाजोडे जिनिंगना पट्टा शे. त्यानं करी देस."

सरकी काढणाऱ्या यंत्रांचा तो जाडजूड पट्टा, कापड आणि रबर एकावर एक चिकटवलेला. वनानं त्यातून दोन चकत्या कापल्या, भोकं पाडली, कडा घासून घासून सारख्या केल्या आणि नट आवळले, पण एका बाजूनं एकदम नाही. या कोपऱ्याला थोडं, त्या कोपऱ्याला थोडं, म्हणजे बैठक वाकडी होऊ नये. मग गाडी सुरू केली. ती सुरू झाली आहे हे शेठना कळेना. ते म्हणाले, "सुरू करा ना." वना नुसता हसला.

जुन्या चकत्या वनानं भंगारात टाकल्या होत्या. तोतारामनं त्या उचलल्या, फडक्यात गुंडाळल्या आणि सीटखालच्या हत्यारांच्या पेटीत ठेवल्या. साहेबाच्या वेळच्या होत्या, टाकवल्या नाहीत.

परतीच्या वाटेवर नेरीच्या नाक्याशी त्यानं गाडी मुद्दाम हळू केली. गाडी आवाज न करता चहाच्या दुकानावरून गेली. कुणी वर बघितलंच नाही. तोतारामला हे सोसेना. पुढं जाऊन त्यानं गाडी वळवली, पुन्हा दुकानावरून नेली, मग पुन्हा पहूरच्या दिशेनं वळवली. मागच्या सीटवर शेठ जागे होऊन म्हणाले, "नेरी किती मोठी झाली हो."

दुसऱ्या दिवशी त्यानं शेठच्या दारात गाडी सुरू केली, पाण्यानं काठोकाठ भरलेला तांब्या तिच्या नाकाडावर ठेवला आणि हाताची घडी घालून उभा राहिला. पाणी सांडलं नाही. गाव जमलं, पण टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत. बायका एकमेकींकडे बघत होत्या. सुगंधाबाई पुढं झाली, आत बसली आणि म्हणाली, "चालव." तोतारामनं बाजारापर्यंत नेली, परत आणली. ती उतरली, लुगडं नीट केलं आणि म्हणाली, "गाडी मेली."

तेव्हापासून गावानं त्याच्याशी असं काही वागणं धरलं, की जणू त्यानं विहीर बुजवली. पुढच्या अडल्या बाईला नेलं तेव्हा गाडी हलली नाही, बाई ओरडली नाही, नीट दवाखान्यात पोचली आणि तिथं सुखरूप बाळंत झाली. सुगंधाबाई व्हरांड्यात गाठोडं मांडीवर घेऊन बसून राहिली; तिला कुणी काही विचारलं नाही. येताना तोतारामला गप्प राहवेना.

"मावशी, गाडी कशासाठी असते? दवाखान्यात पोचवासाठी. वाटेत मोकळं करासाठी नही. खरं का खोटं?"

"खरं हाये," सुगंधाबाई म्हणाली. "तुह्या बेबाले दिवस गेले ना? तवा पाहू."

बेबाबाई ही तोतारामची एकुलती लेक. सोनगीरला दिली होती. पहिलं बाळंतपण माहेरचं, म्हणून सातव्या महिन्यात तिला आणलं. तोतारामनं तिच्यासाठी मागच्या सीटवर गोधडी घालून ठेवली, आणि गोधडीवर कोणी बसू नये म्हणून शेठनाही पुढं बसायला लावलं. वेळ आली की सरळ जळगाव, असं त्याचं ठरलं होतं.

वेळ आली ती पहाटेच. कळा सुरू झाल्या, वाढल्या, आणि उन्हं चढली तेव्हा थांबल्यासारख्या झाल्या. दुपार झाली तरी काही होईना. सुगंधाबाई घामानं डबडबून ओट्यावर आली.

"पोर खाली उतरू नही राह्यलं. जळगावले न्या लागीन."

"गाडी उभीच हाये. चला."

"मी त्या गाडीत बसत नही. जुनं रबर बसव."

तोतारामला वाटलं ती चेष्टा करते आहे. मग त्यानं तिचा चेहरा बघितला. "मावशी, त्या रबरात काही नही. त्यानं हवा गळते, बस. मी कितींदा सांगितलं."

"तुले गाडीतलं कळते, मले पोटातलं कळते. माह्याबिगर नेशीन तर ने."

तिच्याशिवाय न्यायची हिंमत त्याच्यात नव्हती, हे दोघांनाही माहीत होतं. तेवढ्यात त्याची बायको मंदाबाई दारात आली. तिनं दोघांकडे बघितलं आणि नवऱ्याला म्हणाली, "बसवा."

"अगं, त्यानं काही होत नही."

"मंग बसवाले तुमचं काय जातं?"

आतून बेबाचा आवाज आला. ओरडणं नव्हतं ते. लहानपणी ताप भरला की ती अशीच कण्हायची. तोतारामनं कोट काढून ओट्यावर फेकला, पितळेच्या बटणांसकट, आणि पाना हातात घेतला.

इंजिनावर वाकल्यावर त्याचं डोकं पुन्हा चालू झालं. इतकं करायचं कशाला? नुसते दोन नट थोडे ढिले केले की फट पडेल, हवा शिरेल, गाडी पूर्वीसारखी उसळेल. म्हातारीला काय कळणार आहे? पळभराचं काम, आणि लगेच निघता येईल. त्यानं एक नट ढिला केला. दुसऱ्याला पाना लावला. आणि तिथंच त्याचा हात थांबला.

म्हातारीला फसवता आलं असतं. सगळ्या पहूरला फसवता आलं असतं. पण गोधडीवर बेबा झोपणार होती. रबरात काही नाही हे त्याला पक्कं ठाऊक होतं, जितकं पेट्रोल पेटतं हे ठाऊक होतं तितकंच. आणि तरी त्याच्या मनात आलं, न जाणो, असलंच काही तर? तोताराम ड्रायव्हर, ज्याला साहेबानं स्वतः इंजिन शिकवलं होतं, तो सीटखाली हात घालून हत्यारांच्या पेटीतून ते फडकं शोधू लागला. त्याला स्वतःची लाज वाटत होती, आणि हात मात्र घाई करत होते.

पहिला कार्बोरेटर उतरवला, जिनिंगच्या पट्ट्याची चकती काढली, तडकलेली चकती दोन्ही हातांनी जुळवून बसवली, नट आवळले. दुसऱ्याला हात घातला, तर घामानं बोटं निसटली आणि एक नट खाली धुळीत पडला. तोताराम गाडीखाली शिरला. ते बघून शेजारी वाकले, त्यांच्या बायका वाकल्या, जवरीलालशेठ चौकशीला आले होते ते धोतर आवरून वाकले. सगळी आळी हातांनी धूळ चाळत होती.

"हा काय?" शेठ म्हणाले. ती एका बकरीची लेंडी निघाली.

आणि गाडीखालून तोतारामनं रडणं ऐकलं. त्याला आधी वाटलं बेबाच रडते आहे. मग कळलं, हा आवाज बेबाचा नाही, हा आवाज या घरात आजवर कुणीच काढलेला नाही. तो उठायला गेला आणि त्याचं डोकं गाडीच्या बुडावर असं आपटलं, की ते शेठनाही ऐकू गेलं.

सुगंधाबाई हात पुसत बाहेर आली. "पोरगी झाली. माय बरी हाये."

तोताराम धुळीतच बसला. मिशा खाली आल्या होत्या, कपाळावर टेंगूळ, एका हातात अजून तो पाना, दुसऱ्यात ती जुनी चकती. त्याला रडू येत होतं आणि ते त्यानं आवरलं नाही.

"मावशी," डोळे पुसत तो म्हणाला, "गाडी तर मी सुरूच केली नही."

"रबर बसवलं ना?"

"एकच बसलं. दुसरं अजून हातात हाये."

सुगंधाबाईनं जरा विचार केला. "म्हनूनच येवढा उशीर लागला," ती म्हणाली आणि आत गेली.

राजकुंवरच्या लग्नात गाडी पुन्हा जिनिंगच्या पट्ट्यावर चालली. नवरदेवाच्या मिरवणुकीत ती बँडच्या मागून पावलापावलानं गेली आणि शांतीलालजींची पगडी शेवटपर्यंत जागेवर राहिली. शेठनी सगळ्यांदेखत ड्रायव्हरची तारीफ केली. पण त्यानंतर कुणी रात्री-अपरात्री, दिवसा-दुपारी अडल्या लेकीसाठी दार वाजवलं, की तोताराम आधी विचारायचा, "कोणतं रबर लावू?" लोक अर्थातच जुनं सांगत. तो लावून द्यायचा, दोन्ही, आणि खड्डे सुगंधाबाई सांगेल ते घ्यायचा. नेरीच्या दुकानातून "सुईण आली" ऐकू आलं की भोंगा वाजवायचा.

छप्पन साली केव्हातरी गाडी वना मिस्त्रीकडे गेली. पट्ट्याच्या चकत्या बदलायच्या होत्या. वना पाना शोधायला पेटीत वाकला आणि त्याच्या हाताला लहान पोरांचं जरीचं टोपडं लागलं. आत दोन काळ्या, तडकलेल्या चकत्या. त्यानं त्या ओळखल्या आणि भंगाराकडे फेकायला हात उचलला.

"हाई आजून काबरं ठेवी शे? टाक भाहेर."

तोतारामनं त्याचा हात धरला आणि चकत्या टोपड्यात परत घातल्या.

"राहू दे," तो म्हणाला. "नातीच्या हायेत."